बर्फ न पाहिलेले उस्मानभाई

उस्मानभाई मुकादमांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो मासळीवर घातलेला. आकाशातून पडणारा बर्फ असतो हे त्यांना ऐकून ठाऊक होतं, जसं मला ऐकून ठाऊक आहे की माणूस चंद्रावर जाऊन आला. अविश्वास नव्हता, संबंध नव्हता. पुढे तो संबंध आला आणि असा आला की त्यात त्यांचे तीन आठवडे गेले. ते आठवडे कसले होते हे सांगायचं तर आधी आमच्या वर्कशॉपबद्दल सांगायला हवं.

आखातात, दमामहून रास तनुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे वर्कशॉप होतं. दारावर पृथ्वीचा गोल रंगवलेला आणि त्याखाली 'इंटरनॅशनल'. रंगाऱ्याने आफ्रिका बरोबर जागी ठेवली होती, हिंदुस्थान मात्र विसरला होता. आत अकरा माणसं होती, पाच देशांची, आणि ती सगळी एकाच नळाखाली हात धुवायची. त्यापलीकडे आंतरराष्ट्रीय असं काही नव्हतं. मी स्पेअर पार्टच्या गोदामात होतो. गॅस्केट, फिल्टर, बेअरिंग काढून द्यायचं आणि उरलेल्या वेळात वाचत बसायचं. वाचत बसतो म्हणून उस्मानभाईंनी माझं नाव 'मास्तर' ठेवलं. मी सातारचा, ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे. वर्कशॉपात मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

बुटका बांधा, आखूड दाढी, एके काळी पांढरी असलेली टोपी आणि उजव्या कानामागे खडूचा तुकडा. वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यामुळे त्यांचा डावा कान गेला होता. उरलेल्या कानाने ते जे ऐकत ते आम्हाला दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. असे ते उभे राहिले की वर्कशॉपातला रेडिओसुद्धा कोणीतरी आपोआप बंद करायचं.

गाडी आली की ते पहिल्यांदा ड्रायव्हरला तीन प्रश्न विचारत. आवाज कसा आला? वास कसला आला? शेवटचा हात कोणी लावला? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ड्रायव्हर आकाशाकडे बघत. "यंत्र खोटं बोलत नाही, मास्तर," ते म्हणायचे, "खोटं बोलायला तोंड लागतं."

मग निकाल. ही त्यांची स्वतःची रीत होती, जहाजावरून आणलेली की खाडीवरून, कोण जाणे. इंजिन उघडायच्या आधी रोग काय आहे तो ते खडूने बॉनेटवर लिहीत. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या ठळक, गोल अक्षरात. बाकीच्यांना देवनागरी येत नसल्यामुळे तो मोठ्याने वाचून, तोडक्यामोडक्या हिंदी-इंग्रजीत सगळ्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. मग इंजिन उघडायचं. निकाल बरोबर आला तर ड्रायव्हरने सगळ्यांना चहा पाजायचा. चुकला तर उस्मानभाईंनी. आणि चुकलेला निकाल पुसायचा नाही. एकदा एक ट्रक 'पंपात पाणी' हा साफ चुकलेला निकाल बॉनेटवर मिरवत रियाधला गेला.

"पुसा की," मी म्हणालो.

"कशाला? चुकलो ते चुकलोच. पुसलं म्हणून बरोबर येणार आहे?"

एकदा एक येमेनी ड्रायव्हर पाण्याचा टँकर घेऊन आला. टर्बो गेला होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून इंजिनाला जादा ताकद येते. ड्रायव्हर कंपनीला, तेलाला आणि वाळूला शिव्या देत होता. उस्मानभाईंनी तीन प्रश्न विचारले, बोटाला लागलेलं तेल हुंगलं आणि लिहिलं: 'ड्रायव्हरला घाई.' उघडलं तर आतलं तेल जळून कोळसा झालेलं. पळत आलेलं इंजिन फटकन बंद केलं की तेल थांबतं, पण पंखा फिरतच राहतो, कोरडा. म्हणून त्यांचा नियम होता: टर्बोची गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची, आणि सुरू केल्यावरही दोन मिनिटं जागेवर, तेल वरपर्यंत पोचेस्तोवर. त्या दोन मिनिटांत ते बॉनेटवर हात ठेवून उभे असत. कोणी काही विचारलं तर उत्तर नाही.

"दोन मिनिटं दम खाऊ दे त्याला," ते येमेन्याला म्हणाले. "तू चहा पाज तोवर."

ऑगस्टमध्ये इराकी फौज कुवेतमध्ये शिरली आणि आमच्या रस्त्यावर रणगाडे वाहणारे ट्रक दिसू लागले. गावातले जाणारे गेले. राहिलेल्यांनी खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावल्या. वर्कशॉपला विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे आले. अकरा माणसांत सहा. ते कोणाला द्यायचे यावर एक बैठक झाली. तिची भाषा जागतिक परिषदांपेक्षा फारशी वाईट नव्हती. उस्मानभाईंनी आपला मुखवटा रोमीपुढे ठेवला. रोमी म्हणजे आमचा फिलिपिनो वेल्डर, नुकताच बाप झालेला.

"माझ्या दाढीवर तो नीट बसत नाही. हवा आत येते," ते म्हणाले.

हे खरं होतं. दाढी काढता येते हेही खरं होतं. ते कोणी बोललं नाही.

डिसेंबरच्या शेवटी त्यांच्या मेव्हण्याची तार आली. झुबेदाची तब्येत गंभीर, ताबडतोब ये. झुबेदा म्हणजे उस्मानभाईंची बायको. तिची मूत्रपिंडं अधू होती हे त्यांना माहीत होतं. तीन वर्षं ते घरी गेले नव्हते. तार वाचून त्यांनी घडी घातली आणि थेट कफीलच्या ऑफिसात गेले. मी दारापर्यंत गेलो.

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचं तिथलं राहणं आणि जगणं होतं तो मालक, अबू नासर. वाईट माणूस म्हणावा असा नव्हता. त्याला फक्त आपण उदार आहोत हे पाहायला माणसं लागत. एकट्याने उदार होणं त्याला जमत नसे. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या लोखंडी कपाटात होते. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे.

"जाशील, जाशील," अबू नासर म्हणाला. "आधी माझी गाडी."

ती गाडी आदल्याच आठवड्यात बंदरातून आली होती. गेल्या हिवाळ्यात तो युरोपातल्या कुठल्यातरी थंड देशात गेला, तिथे त्याने लोकांना बर्फावर एक स्कूटर पळवताना पाहिलं आणि घेऊन टाकली. स्नोमोबाईल. पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, रंग लिंबासारखा पिवळा, वर टर्बो. वाळू काय, बर्फ काय, दोन्ही सरकतंच, असा त्याचा हिशेब. त्याच्या अंगणात ती चार मिनिटं झकास पळायची. मग आवाज बसायचा, ताकद जायची आणि इंजिन आखडून बंद पडायचं. थंड झालं की पुन्हा चार मिनिटं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"चार," उस्मानभाई म्हणाले. तोवर त्यांनी गाडी पाहिली नव्हती. त्या माणसाच्या तोंडून न पाहता निघालेला तो मी ऐकलेला पहिला आकडा.

गाडी आली. त्यांनी स्पार्क प्लग काढून तळहातावर घेतले. प्लगच्या टोकाचा रंग बघून आत काय जळतंय ते त्यांना कळायचं: चहाचा रंग म्हणजे तब्येत उत्तम, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे आत भट्टी. हे पांढरेफटक होते. पिवळ्या बॉनेटवर पहिला निकाल पडला: 'हवा जास्त, पेट्रोल कमी.' टर्बो हवा कोंबतोय, पेट्रोल पुरत नाही, म्हणून इंजिन तापतंय. मला पटलं. सगळ्यांना पटलं. पेट्रोलची वाट मोठी केली. चार मिनिटं. बंद.

'टर्बोच्या नळीला गळती.' नळी बदलली. चार मिनिटं. बंद. आता एक पिस्टनही चरे पडून गेला. नवा मागवायला आठ दिवस.

मधे रोमीने एक प्रश्न विचारला होता. आज वाटतं, त्या तीन आठवड्यांत विचारला गेलेला तेवढाच शहाणा प्रश्न. "भाई, रेडिएटर कुठे आहे?"

इंजिन पाण्यावर थंड होणारं होतं, पण पुढे जाळी नव्हती, पंखा नव्हता. पाण्याच्या नळ्या इंजिनातून निघून पाय ठेवायच्या पट्ट्यांखालून मागे जात होत्या आणि वळून परत येत होत्या. उस्मानभाई जमिनीवर आडवे होऊन बराच वेळ खाली बघत राहिले.

"थंड देशातली गाडी ना ही," ते उठून म्हणाले. "माणसाचे पाय गारठत असतील. गरम पाणी पायाखालून फिरवलंय. तिकडच्या थंडीत तेवढ्यात पाणी निवतही असेल."

आणि इथे मी तोंड घातलं. बर्फावरच्या घोड्याच्या घसरगाडीत बसताना पायाखाली तापवलेल्या विटा ठेवतात, असं मी एका जाड कादंबरीत वाचलं होतं. ते मी सांगितलं. मोठ्या तपशिलात सांगितलं.

"बघ," उस्मानभाई रोमीला म्हणाले, "मास्तरने वाचलंय."

अकरा माणसांत बर्फावर पाऊल ठेवलेलं एकही नव्हतं. त्यामुळे ठराव एकमताने पास झाला. तरी खात्रीसाठी आम्ही मोठा पंखा गाडीपुढे लावून पाहिला. चार मिनिटांची पाच झाली, बस. जानेवारीत तिकडे स्वेटर लागतो. एवढ्या गारव्यात, वर पंखा, तरी तापतंय म्हणजे दोष आतच. "ताप हा रोग नसतो, मास्तर, रोगाची खूण असते," असं ते म्हणाले आणि तिसरा निकाल लिहिला: 'हेड गॅस्केट.' म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची, फट बंद करणारी चकती गेली. तोही चुकला. तीन चुकलेले निकाल एकाखाली एक, आणि तीन वेळा सगळ्यांना चहा.

दुसरी तार आली: वाट पाहत आहे. उस्मानभाई पुन्हा ऑफिसात गेले. या खेपेला त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बायको मरतेय, शेख," त्यांनी सांगितलं. आधी हिंदीत, मग अरबीत, मग नुसतं बोटाने छातीवर ठोकून.

अबू नासरचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "अल्ला शिफा देवो," तो म्हणाला. "गाडी झाली की त्याच दिवशी."

जानेवारीच्या मध्यावर बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि आमच्या बाजूचा विमानतळ मुलकी विमानांना बंद झाला. चार दिवसांत रोग सापडला असता तर उस्मानभाई केव्हाच घरी पोचले असते. हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही. मीही नाही. पायाखालच्या विटांबद्दलही नाही.

त्या दिवसांत त्यांचं जेवण सुटलं. प्लग खिशात घेऊन ते फिरत, बाहेर काढून बघत, पुन्हा खिशात टाकत. एकदा मी त्यांना गाडीशेजारी उकिडवं बसून तिच्याशी बोलताना ऐकलं. "सांग गो बाय," ते म्हणत होते, "काय होतंय तुला, सांग की एकदा." ते कोणाशी बोलत होते हे मी ठरवू शकलो नाही आणि मागे फिरलो.

मग एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर लगेच, भोंगा वाजला. आम्ही सगळे टायरच्या खोलीत शिरलो. तिच्या फटी आम्ही पट्ट्यांनी बंद केल्या होत्या. मुखवटेवाले मुखवटे चढवून बसले; बाकीच्यांनी ओले टॉवेल तोंडाला लावले. उस्मानभाईंच्या हाताशी त्या गाडीचं रंगीत माहितीपत्रक होतं. आधार म्हणून धरावं तसं त्यांनी ते धरलं होतं. लांब कुठेतरी दणका बसला, पत्रे थरथरले. मी मनातल्या मनात माझ्या आईला पत्र लिहायला सुरुवात केली. उस्मानभाई एकाएकी टॉवेल खाली टाकून म्हणाले,

"मास्तर, हे काय उडतंय?"

माहितीपत्रकावर एक सोनेरी केसांचा माणूस ती गाडी पळवत होता. मागचा पट्टा बर्फ उकरून गाडीच्या पोटाखाली उडवत होता आणि सगळी गाडी पांढऱ्या धुरळ्यात बुडाली होती.

"बर्फ," मी मुखवट्यातून म्हणालो.

"कुठे उडतोय?"

"खाली. पायाखाली."

"त्या नळ्यांवर," उस्मानभाई म्हणाले. "अरे मेल्या, त्या नळ्यांवर! पाय कसले गरम करतायत? तोच रेडिएटर आहे. बर्फ त्याला गार करतो." ते थांबले. "तीन आठवडे हा फोटो बघतोय आपण. आपण गाडी बघत होतो. बर्फ कोणी बघितलाच नाही."

भोंगा थांबायच्या आत ते उठून बाहेर गेले. आम्ही ओरडलो. आम्ही बाहेर आलो तेव्हा बॉनेटवर तीन निकालांखाली चौथा होता: 'रोग नाही. बर्फ नाही.' आणि ते गाडीला टेकून रडत होते. रोग सापडल्यावर रडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अबू नासरला खरं ते सांगितलं. त्यांची अरबी दहा-बारा शब्दांची होती, पण निकालाला पुरली. "मकीना झेन. मकान मू झेन." यंत्र चांगलं आहे, जागा चांगली नाही. आपल्या देशाला जागा चांगली नाही म्हटलेलं कुठल्याही मालकाला आवडत नाही, त्यातून लढाईच्या दिवसांत. अबू नासरने कॉफीचा कप खाली ठेवला.

"गुरुवारी माझ्याकडे पाहुणे आहेत," तो म्हणाला. "लोक घाबरलेत. आपण घाबरलो नाही हे दाखवायला हवं. गुरुवारी गाडी चालली पाहिजे. मग पासपोर्ट."

"चालेल," उस्मानभाई म्हणाले. "एकदाच."

बर्फाबद्दल आता त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती. गुरुवारी सकाळी ते मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या घेऊन आले. खाडीवरच्या माणसाने होडीत सुरमई भरताना बर्फ फोडावा तसा त्यांनी तो लाकडी दांड्याने फोडला, गोणपाटात भरून नळ्यांवर करकचून बांधला आणि उरलेला सीटखाली ठासला. दुपारी चारला पाच-सहा वजनदार पाहुणे आणि एक फोटोग्राफर यांच्यासमोर, शुभ्र झग्यावर हेल्मेट चढवून, अबू नासर वाळूवर निघाला. चार मिनिटं झाली. सहा. आठ. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडीमागे वितळलेल्या पाण्याची ओली रेघ उमटत होती, आणि बर्फ मासळीबाजारातला असल्यामुळे त्या रेघेवरून वस्तीतली सगळी मांजरं शिस्तीत चालली होती. मी पाहिलेली ती युद्धकाळातली सर्वांत सुखी मिरवणूक.

"बॉनेटवर काय लिहिलंय?" एका पाहुण्याने मला विचारलं.

"दुआ आहे," मी म्हणालो. उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं आवडत नसे. पण त्या दिवशी त्यांनी ते चालू दिलं.

मग अबू नासरने सगळ्यांसमोर खिशातून पासपोर्ट काढला आणि उस्मानभाईंना दिला. फोटोग्राफरने फोटो काढला. माणसाला त्याचाच पासपोर्ट दान करतानाचा तो फोटो पुढे वर्षभर ऑफिसात टांगलेला होता.

विमानं असलीच तर जेद्दाहून, असं कळत होतं. म्हणजे सबंध वाळवंट आडवं पार करायचं. आमच्या ओळखीचा एक पठाण ड्रायव्हर शुक्रवारी सकाळी रिकामा ट्रक घेऊन तिकडे निघाला होता. उस्मानभाईंनी त्याच्या ट्रकचा टर्बो दोनदा वाचवला होता. सकाळी टपालपेटीची किल्ली घेऊन मी गेलो तर पेटीत तिसरी तार. बंद पाकीट, त्यांच्या नावाचं.

तीत काय होतं ते मला महिन्याभराने त्यांच्या मेव्हण्याच्या पत्रातून कळलं. झुबेदाबी बुधवारीच गेल्या होत्या, आणि दफन त्याच संध्याकाळी झालं होतं. उस्मानभाई दफनानंतर अकराव्या दिवशी घरी पोचले. परत आले नाहीत. पण त्या शुक्रवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त खिशातल्या पाकिटाचं वजन जाणवत होतं.

मी पोचलो तेव्हा ते ट्रकमध्ये चढून बसले होते. पठाणाने इंजिन सुरू केलं आणि गिअर टाकायला हात पुढे केला.

"रुको, खानसाब," उस्मानभाई म्हणाले. "दो मिनट."

"भाई, आज तो जल्दी है ना आपको?"

"मुझे है. इसको नहीं."

ते खाली उतरले, पुढे आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. रोजच्यासारखे. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकावं तसं.

"खिशात काय आहे?"

मी पाकीट दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. सवयीने त्यांचा हात कानामागे गेला, खडू बोटांत आला. उघडण्याआधी लिहायचं, ही त्यांची रीत. खडूचं टोक पाकिटापर्यंत येऊन थांबलं.

"नको," ते म्हणाले. "जेद्दापर्यंत मला चालू राहायला हवं."

त्यांनी पाकीट न उघडता आतल्या खिशात ठेवलं आणि खडू माझ्या हातात दिला.

"चला, खानसाब. झाली दोन मिनिटं."

ट्रक वळून रस्त्याला लागला. उत्तरेकडचं आकाश धुराने काळवंडलेलं होतं, रस्त्यावरून लष्करी गाड्यांची रांग उलट दिशेने येत होती. त्या रांगेशेजारून जाणाऱ्या ट्रकच्या खिडकीत मला त्यांची टोपी दिसत होती. त्यांनी मान कलती केली होती, चांगला कान इंजिनाकडे करून.